सॅली राइडच्या निधनवार्तेतली एक ओळ

२३ जुलै २०१२ ला सॅली राइड गेली. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे, राहत्या घरी, वयाच्या ६१ व्या वर्षी. अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री. तिने काढलेल्या संस्थेच्या वेबसाइटवर त्याच दिवशी निधनवार्ता आली. आपल्याकडे अशा बातमीच्या शेवटी ‘त्यांच्या पश्चात पती, दोन मुलं, सून, नातवंडं असा परिवार आहे’ असं लिहितात. तशी ओळ तिच्याही बातमीत होती. पश्चात आई, बहीण, भाची, भाचा, संस्थेतले सहकारी. आणि या सगळ्यांच्या आधी एक नाव : टॅम ओशॉनेसी, २७ वर्षांची जोडीदार.

टॅम ही स्त्री होती. घरच्यांना आणि जवळच्या मित्रमैत्रिणींना हे ठाऊकच होतं. उरलेल्या जगाला ते त्या एका ओळीतून कळलं.

त्यावर दोन प्रश्न आले, ते आजही येतात. एक : एवढी धाडसी बाई, रॉकेटवर बसून गेली, मग हे सांगायला का घाबरली? दुसरा याच्या उलट : आयुष्यभर सांगितलं नाही, मग गेल्यावर कशाला सांगायचं? दोन्ही प्रश्न विचारणाऱ्यांना त्या काळातली अमेरिका, तिथले कायदे आणि सॅलीचा स्वभाव यांची फारशी कल्पना नसते. म्हणून हे जरा सविस्तर सांगावंसं वाटलं. मला स्वतःला सॅली राइड पहिल्यांदा भेटली ती शाळेत, सामान्यज्ञानाच्या पुस्तकात. पहिली महिला अंतराळवीर? व्हॅलेंटिना तेरेश्कोवा. पहिली अमेरिकन महिला? सॅली राइड. एक प्रश्न, एक गुण. त्या एका गुणापलीकडे ती कोण होती, हे कळायला मला खूप वर्षं लागली.

सॅलीचा जन्म २६ मे १९५१ चा, लॉस एंजेलिसचा. वडील कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. आई स्त्रियांच्या तुरुंगात समुपदेशनाचं काम करायची. धाकटी बहीण कॅरन, जिला सगळे बेअर म्हणत, पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झाली. सॅलीचं पहिलं वेड टेनिसचं. ज्युनियर गटात तिला राष्ट्रीय क्रमवारीत स्थान होतं, आणि बिली जीन किंगसारख्या खेळाडूने तिला व्यावसायिक टेनिसमध्ये ये म्हणून सुचवलं होतं. ती गेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात तिने भौतिकशास्त्र आणि इंग्रजी साहित्य अशा दोन्ही पदव्या घेतल्या आणि मग भौतिकशास्त्रातच पीएचडी केली. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत जो विरळ वायू असतो, त्यावर क्ष-किरणांचा काय परिणाम होतो, हा तिचा विषय.

याच टेनिसमुळे तिला टॅम भेटली. दोघी तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या, स्पर्धांमधून खेळणाऱ्या. मैत्री झाली, मग वाटा वेगळ्या झाल्या, तरी ओळख राहिली. टॅमकडे पुन्हा येऊच.

१९७७ साली स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात सॅलीने बातमी वाचली की नासाला अंतराळवीर हवे आहेत आणि स्त्रियाही अर्ज करू शकतात. तोवर स्त्रिया का नव्हत्या? नासाची सुरुवातीची अट होती की उमेदवार लष्करी जेट विमानांचा चाचणी वैमानिक हवा. लष्कर ते काम स्त्रियांना देतच नव्हतं. ‘स्त्री नको’ असं कुठेही न लिहिता दार बंद झालं होतं. स्पेस शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारं अंतराळयान, आल्यावर चित्र बदललं. शटलमध्ये सात जण बसू शकत, पण यान चालवायला दोघेच लागत. बाकीच्यांनी उपग्रह सोडायचे, प्रयोग करायचे, यंत्रं हाताळायची. या जागेला ‘मिशन स्पेशालिस्ट’ म्हणत आणि तिला वैमानिक असणं गरजेचं नव्हतं. शास्त्रज्ञ, डॉक्टर, इंजिनियर चालत. आठ हजारांवर अर्ज आले. जानेवारी १९७८ मध्ये ३५ जणांची निवड झाली, त्यात सहा स्त्रिया : सॅली राइड, ज्युडिथ रेझ्निक, कॅथरिन सलिव्हन, ॲना फिशर, ऱ्ही सेडन आणि शॅनन ल्युसिड.

या सहा जणींपैकी पहिली कोण जाणार यावर वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. सॅलीची निवड व्हायला एक ठोस कारण होतं. शटलच्या मालकक्षात कॅनडाने बनवलेला एक यांत्रिक हात असे, सुमारे १५ मीटर लांब. खांदा, कोपर, मनगट अशी रचना, एकूण सहा सांधे. हा हात तयार होत असताना त्याच्या चाचण्यांमध्ये सॅलीने खूप काम केलं होतं आणि तो चालवण्यात ती तरबेज होती. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. अंतराळात वस्तूंना वजन जाणवत नाही, पण त्यांचं वस्तुमान कुठेही जात नाही. एखादी जड वस्तू तिथे हळूच ढकलली की सरकते, पण सरकायला लागली की थांबवायलाही तेवढाच जोर लागतो. घाई केली, तर ती येऊन यानावर आदळेल. म्हणून हात अगदी सावकाश, थोडा थोडा पुढे न्यायचा, मधे थांबायचं, पाहायचं, मग पुन्हा हलवायचं. डोकं शांत ठेवणाऱ्या माणसाचं हे काम.

१८ जून १९८३ ला चॅलेंजर यान उडालं. बरोबर रॉबर्ट क्रिपन, फ्रेडरिक हॉक, जॉन फेबियन आणि नॉर्मन थॅगार्ड. सहा दिवसांत त्यांनी कॅनडा आणि इंडोनेशियाचा एकेक दळणवळण उपग्रह सोडला. आणि पश्चिम जर्मनीत बनवलेला एक उपग्रह त्या यांत्रिक हाताने बाहेर मोकळा सोडून पुन्हा पकडून आत आणला. शटलमधून असं पहिल्यांदाच केलं गेलं. त्या मोकळ्या उपग्रहावर कॅमेरा होता. त्याने टिपलेल्या फोटोत अख्खं चॅलेंजर दिसतं, खाली निळी पृथ्वी, आणि यांत्रिक हात इंग्रजी सातच्या आकड्यासारखा वाकवलेला. शटलची ती सातवी मोहीम होती. मला हा फोटो फार आवडतो, कारण त्यात सॅली कुठेही दिसत नाही. दिसतं ते तिचं आणि फेबियनचं काम.

उड्डाणाआधी पत्रकारांनी मात्र तिला भलतंच विचारलं. सरावात काही चुकलं की तुम्ही रडता का? या उड्डाणाचा तुमच्या जननेंद्रियांवर परिणाम होईल का? आई व्हायचा विचार आहे का? शेजारी बसलेल्या हॉककडे बोट दाखवून तिने विचारलं, हे प्रश्न यांना कुणी का विचारत नाही? आतल्या लोकांचंही काही वेगळं नव्हतं. अंतराळात स्त्रियांना लागेल म्हणून नासाच्या इंजिनियरांनी मेकअपचा संच तयार करून ठेवला होता. पाळीसाठी आठवडाभराला १०० टॅम्पॉन पुरतील का, असं तिला विचारलं. तेवढे लागत नाहीत, असं तिने शांतपणे सांगितलं. परतल्यावर ह्यूस्टनमध्ये स्वागताला तिच्या हातात फुलांचा मोठा गुच्छ देऊ लागले. सोबतच्या चौघांना गुच्छ नव्हता. तिने तो घेतला नाही, आणि त्यावरूनही तिला बोल लागले.

हे सगळं लक्षात ठेवायला हवं, कारण पुढच्या मौनाची एक मुळी इथे आहे. ३२ वर्षांच्या एका भौतिकशास्त्रज्ञाला सगळा देश तिच्या शरीराबद्दल, रडण्याबद्दल, मुलाबाळांबद्दल विचारत होता. यातलं एक उत्तर दिलं की त्यामागून दहा प्रश्न येणार, हे तिला तेव्हाच कळलं असणार. तिने खासगी आयुष्याचं दार लावून घेतलं. मला ते पूर्ण समजतं. आपल्याकडेही नोकरी करणाऱ्या कितीतरी बायका ऑफिसमध्ये घरचं काहीच बोलत नाहीत. त्यांनी ते अनुभवाने शिकून घेतलेलं असतं.

तेव्हा सॅलीचं लग्न झालेलं होतं. नवरा स्टीव्ह हॉली, तिच्याच तुकडीतला अंतराळवीर, खगोलशास्त्रज्ञ. जुलै १९८२ मध्ये कॅन्ससमध्ये अगदी घरगुती लग्न झालं. स्टीव्हचे वडील आणि सॅलीची बहीण बेअर, दोघेही धर्मोपदेशक, त्यांनीच ते लावलं. १९८७ मध्ये ते विभक्त झाले. सॅली गेल्यावर स्टीव्हने तिच्याविषयी आदरानेच सांगितलं, की मुळात अतिशय खासगी असलेल्या या माणसाला सार्वजनिक व्यक्ती व्हावं लागलं आणि त्या भूमिकेत ती कधीच पूर्ण रमली नाही. तिचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं माझ्या वाचनात नाही.

टॅम तेव्हा अटलांटामध्ये जीवशास्त्र शिकवत होती. सॅली अधूनमधून तिला भेटायला जायची. दोघी फिरायला जात, तासन् तास बोलत. टॅमने नंतर सांगितलेली एक आठवण आहे. एका दुपारी ती आपल्या म्हाताऱ्या कुत्रीला गोंजारायला वाकली आणि पाठीवर सॅलीचा हात आला. तो स्पर्श नेहमीपेक्षा वेगळा वाटला. तिने मागे वळून पाहिलं, आणि सॅलीच्या डोळ्यांतून तिला सगळं कळलं. ते साल होतं १९८५. स्टीव्हशी लग्न कागदोपत्री अजून टिकून होतं, हेही खरं, ते लपवायचं कारण नाही. आयुष्यातल्या गोष्टी तारखांच्या चौकटीत नीट बसत नाहीत.

आता त्या काळाचा कायदा पाहू. अमेरिकेत असे बरेचसे कायदे राज्याराज्यात वेगळे असतात. सॅली टेक्सासमध्ये राहत होती, टॅम जॉर्जियामध्ये. १९८५ साली या दोन्ही राज्यांत समलिंगी संबंध हा गुन्हा ठरू शकत होता, आपल्या कलम ३७७ सारखाच. अटलांटामधल्याच एका तरुणाला स्वतःच्या घरात यावरून अटक झाली होती. त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८६ मध्ये न्यायालयाने जॉर्जियाचा कायदा वैध ठरवला. टेक्सासचा कायदा थेट २६ जून २००३ ला रद्द झाला, आणि तो खटलाही ह्यूस्टनमधूनच उभा राहिला होता. आपल्याकडे तोच दिवस ६ सप्टेंबर २०१८ ला उजाडला. म्हणजे ज्या वर्षी या दोघींचं प्रेम जमलं, त्या वर्षी दोघींच्याही गावात ते कायद्याच्या दृष्टीने संशयास्पद होतं.

शिवाय नोकरी. सरकारी गोपनीय माहिती हाताळायला एक परवानगी लागते, तिला ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणतात. १९९५ पर्यंत समलिंगी असणं हे ती नाकारायचं कारण होऊ शकत असे. अशा माणसाला कुणीही धमकावून गुपितं काढून घेईल, असा त्यामागचा तर्क. धमकावता येतं ते लपवावं लागतं म्हणून, आणि लपवावं लागतं ते अशाच नियमांमुळे, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. शटलच्या काही मोहिमा लष्करासाठी असत. अंतराळवीरांमधले बरेच जण लष्करातून आलेले होते आणि अमेरिकन लष्करात उघडपणे समलिंगी राहायला २०११ पर्यंत बंदी होती. त्यात कुठल्या मोहिमेवर कुणाला पाठवायचं, हे ठरवणारी माणसं मोजकी, आणि त्यांचे निकष उमेदवारांना कधी नीट कळत नसत. अशा जागी कुणीही आपल्या विरुद्ध वापरता येईल असं काही हातात देत नाही.

आणि डोळ्यांसमोर एक उदाहरण होतं. बिली जीन किंग, जी सॅलीला टेनिसमध्ये ये म्हणाली होती, जिने लहान टॅमला टेनिस शिकवलं होतं. १९८१ मध्ये एका खटल्यामुळे तिचं एका स्त्रीशी असलेलं नातं जाहीर झालं. तिच्या मनाविरुद्ध. जाहिरातींचे जवळजवळ सगळे करार चोवीस तासांत गेले. जगातली इतकी मोठी खेळाडू, तिचं हे झालं. सॅली आणि टॅमने हे बातमीत वाचलेलं नव्हतं, ओळखीच्या माणसाचं झालेलं पाहिलं होतं.

त्याच घरात बेअरने दुसरी वाट धरली होती. ती उघडपणे समलिंगी म्हणून जगली आणि त्या हक्कांसाठी काम करत राहिली. एकाच आईच्या दोन मुली. एकीचं धाडस दुसरीपेक्षा कमी म्हणावं, असं मला वाटत नाही. दोघींच्या पुढ्यात आलेलं आयुष्य वेगळं होतं.

गुपित सांभाळणं हा सॅलीचा स्वभाव किती खोल होता, हे चॅलेंजरच्या अपघातानंतर जे घडलं त्यावरून समजतं. २८ जानेवारी १९८६. चॅलेंजर उडाल्यावर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं. सातही जण गेले. त्यात क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळेतली शिक्षिका होती, आणि ज्युडिथ रेझ्निक होती, सॅलीच्या त्या सहा जणींपैकी एक. राष्ट्राध्यक्षांनी चौकशी आयोग नेमला. सॅली त्याची सदस्य झाली.

अपघाताचं कारण समजायला आपला प्रेशर कुकर पुरेसा आहे. कुकरच्या झाकणात रबरी रिंग असते. ती लवचिक असते तोवर वाफ अडते. ती कडक झाली की कडेने फुसफुस सुरू होते. शटलच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाची मोठी रॉकेटं असत, आणि ती लांबलचक नळकांडी एकावर एक जोडून बनवलेली. प्रत्येक जोडावर रबराच्या गोल कड्या, ओ-रिंग, बसवलेल्या. रॉकेट पेटलं की आतल्या दाबाने जोड किंचित फाकतो. त्या क्षणी, सेकंदाच्या एका अंशात, रबराने फुगून ती फट भरायची. उबदार हवेत रबर हे करतं. थंडीत ते आकसून कडक होतं आणि फट भरायला वेळ लावतं. त्याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण सुमारे १२ अंश सेल्सिअसला झालं होतं. त्या सकाळी उड्डाणाच्या वेळी तापमान होतं सुमारे २ अंश. फट भरली नाही, धगधगता वायू बाहेर आला आणि पुढचं सगळं घडलं.

ही थंडीची गोष्ट आयोगासमोर आली कशी? डोनाल्ड कुटिना हे हवाई दलातले जनरल आयोगावर होते. एकदा त्यांच्यासोबत कॉरिडॉरमधून चालताना सॅलीने आपली वही उघडली, एक कागद काढला आणि काही न बोलता त्यांच्या हातात दिला. कागदावर दोन रकाने. एकात तापमान, दुसऱ्यात ओ-रिंगची लवचिकता. तापमान खाली गेलं की लवचिकताही खाली. हा कागद तिला नासातल्याच कुणीतरी दिला असणार, आणि नाव फुटलं तर त्या माणसाची नोकरी जाणार. कुटिनांनी मग आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना घरी जेवायला बोलावलं, गॅरेजमधली आपली जुनी गाडी दाखवली आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, हिच्या कार्ब्युरेटरमधल्या रबरी कड्या थंडीत गळतात. फाइनमनना इशारा कळला. सुनावणीत त्यांनी रबराचा तुकडा चिमट्यात धरून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो कडक झालेला सगळ्या देशाला टीव्हीवर दाखवला. फाइनमन १९८८ मध्ये वारले. सॅलीने त्या कागदाबद्दल शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. ती गेल्यावर कुटिनांनी हे सांगितलं.

आणखी एक प्रसंग. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतल्या रॉजर बॉइझ्जॉली या इंजिनियरने उड्डाणाच्या आदल्या रात्री, थंडी आहे, उडवू नका, म्हणून विरोध केला होता. आयोगासमोर त्याने खरं ते सांगितलं. त्यानंतर त्याच्याच क्षेत्रातले लोक त्याला टाळू लागले. साक्ष झाल्यावर सॅलीने सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली. भावना न दाखवणारी म्हणून प्रसिद्ध असलेली ही बाई. ती मिठी तो माणूस कधी विसरला नाही.

आपल्या वाचकांना दुसरा अपघात अधिक जवळचा. १ फेब्रुवारी २००३, शनिवार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले असतील, टीव्हीवर कल्पना चावलाच्या कोलंबिया यानाची बातमी आली. उड्डाणावेळी इंधनाच्या मोठ्या टाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. परतीच्या वाटेवर त्या भगदाडातून उष्णता आत शिरली आणि यान टेक्सासच्या आकाशात तुटलं. त्या चौकशी मंडळावरही सॅली होती. दोन्ही अपघातांच्या चौकशीत बसलेली ती एकटीच. दोन्ही वेळा यंत्रातल्या दोषाइतकाच मोठा दोष माणसांच्या पद्धतीत सापडला. धोक्याची खूण दिसत होती, पण आजवर काही झालं नाही म्हणून ती नेहमीची मानली गेली.

१९८७ मध्ये तिने नासा सोडलं. पुढे सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात भौतिकशास्त्राची प्राध्यापक झाली. टॅमही कॅलिफोर्नियात आली. शालेय मानसशास्त्रात तिने शिक्षण घेतलं आणि ती सॅन दिएगोच्या दुसऱ्या एका विद्यापीठात शिकवू लागली. दोघींनी मिळून मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहिली, मंगळावर, सूर्यमालेवर, पृथ्वीच्या बदलत्या हवामानावर. २००१ मध्ये तीन सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘सॅली राइड सायन्स’ ही संस्था काढली.

तिच्या कामाविषयी लिहिताना बहुतेक जण एक गोष्ट वगळतात, आणि मला ते पटत नाही. पाचवी ते आठवीच्या वयातल्या मुली विज्ञानापासून हळूहळू का दूर जातात, हा या संस्थेचा मुख्य प्रश्न होता. चौथीपर्यंत मुलगे आणि मुली सारख्याच उत्साहाने प्रयोग करतात. मग वर्गातल्या मैत्रिणी काय म्हणतील, शिक्षक कुणाकडे पाहून प्रश्न विचारतात, पुस्तकात चित्रं कुणाची आहेत, अशा बारीकसारीक गोष्टींनी मुली मागे सरतात. हे मानसशास्त्र आहे, आणि त्यातली जाणकार टॅम होती. विज्ञान सॅलीचं, मुलांच्या मनाची समज टॅमची. निधनवार्तेतली ती ओळ आली नसती, तर हा दोघींचा संसार होता हे कुणाला कळलंच नसतं. टॅम सहलेखिका म्हणून, संस्थेतली एक अधिकारी म्हणून पुस्तकाच्या कोपऱ्यात राहिली असती. मौनाची खरी किंमत टॅमने मोजली, असं मला वाटतं. सभा-समारंभात इतकी वर्षं ‘मैत्रीण’ किंवा ‘सहकारी’ म्हणून उभं राहायचं, हे सोपं नसतं.

संस्था काढल्यावर मौनाला आणखी एक कारण मिळालं. हे काम शाळा, पालक आणि मोठ्या कंपन्यांच्या देणग्यांवर चालायचं. लहान मुलींसाठी काम करणारी संस्था दोन समलिंगी स्त्रिया चालवतात, असं कळल्यावर किती देणगीदार टिकले असते? बिली जीनचे करार दोघींच्या आठवणीत होते.

मार्च २०११ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निदान झालं. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे असतं. गाठ वाढू लागली तरी सुरुवातीला फारसं जाणवत नाही, आणि जाणवेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. सॅलीने हेही फार थोड्यांना सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. टॅम सोबत होती.

ऑगस्ट २०११ मध्ये दोघींनी एक कागद केला. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये काही महिने समलिंगी जोडप्यांना लग्न करता आलं होतं, मग मतदानाने ते बंद झालं. उरली होती ती ‘डोमेस्टिक पार्टनरशिप’, म्हणजे आम्ही एकत्र राहतो अशी राज्य सरकारकडे केलेली नोंद. दवाखान्यात भेटायची परवानगी, उपचारांबद्दल निर्णय घ्यायचा हक्क, वारसा, अशा गोष्टी त्यामुळे राज्यापुरत्या मिळत. केंद्राच्या कायद्यात मात्र १९९६ पासून लग्न म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष एवढंच लिहिलेलं होतं. त्यामुळे देशाची अंतराळवीर असलेल्या सॅलीच्या मागे, एखाद्या विधवेला मिळतात ते केंद्रीय लाभ टॅमला नव्हते. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. तेव्हा आपल्या ओळखीतल्या एखाद्या जोडप्याने दवाखान्याच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न आपल्याही दारात आहे.

शेवटच्या दिवसांत टॅमने सॅलीला विचारलं, लोकांना मी काय सांगू? मी तुझी कोण? सॅलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, तूच ठरव, तू जे सांगशील ते बरोबरच असेल. मग टॅमने ती ओळ लिहिली. ‘गेल्यावर कशाला सांगायचं’ या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. ती ओळ जितकी सॅलीच्या आयुष्याची होती तितकीच टॅमच्याही आयुष्याची. २७ वर्षं एकत्र राहिल्यावर जी मागे उरली, तिला आपण मागे उरलो आहोत हे सांगायचा हक्क होता, आणि सॅलीने जाताना तो तिच्या हातात दिला.

सॅली गेल्यावर पाच महिन्यांनी, १७ डिसेंबर २०१२ ला, नासाची दोन छोटी यानं ठरल्याप्रमाणे चंद्रावर आदळवली गेली. त्यांच्यावर सॅलीच्या संस्थेने चालवलेले कॅमेरे होते. चंद्राचा कुठला भाग टिपायचा, हे शाळेतली मुलं कळवत. ही यानं जिथे पडली त्या जागेला सॅली राइडचं नाव दिलं. जून २०१३ मध्ये १९९६ च्या कायद्यातली ती व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला व्हाइट हाउसमध्ये सॅलीला मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिलं गेलं, अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान. राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हातून तो घ्यायला, देशासमोर, जोडीदार म्हणून टॅम उभी होती.

अमेरिकेच्या नौदलाने एका नव्या संशोधन जहाजाला सॅलीचं नाव दिलं. नौदलाच्या मालकीच्या, पण विद्यापीठांच्या संशोधनासाठी चालणाऱ्या जहाजाला स्त्रीचं नाव देण्याची ती पहिलीच वेळ. जहाज पाण्यात जाण्याआधी त्याच्या नाकावर बाटली फोडायचा रिवाज असतो, आणि तो मान जिला मिळतो ती त्या जहाजाची कायमची पालक मानली जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ॲनाकॉर्टिस बंदरात ती बाटली टॅमने फोडली.